सॅम्पलवर उभं राहिलेलं डान्स म्युझिक: मूळ प्रेसिंग (पहिली छपाई) कसं ओळखायचं, कुठं शोधायचं (कोल्हापूर आणि आसपास)

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

नाट्यगीतं, भावगीतं, लावण्या यांच्या जुन्या रेकॉर्डींवर इथे भरपूर लिहून झालंय. आज जरा वेगळ्या जातीच्या रेकॉर्डींबद्दल लिहितोय. दुसऱ्याच्या रेकॉर्डवरचा एखादा तुकडा उचलायचा. मग तो दोन सेकंदांचा ड्रम असेल, गाण्यातली एक आरोळी असेल, व्हायोलिनची एक लहर असेल. तो सॅम्पलरमध्ये (आवाज साठवून हवा तसा वाजवणाऱ्या मशीनमध्ये) भरायचा, कापायचा, फिरवायचा आणि त्यावर नाचाचं नवं गाणं उभं करायचं. हाउस, ब्रेकबीट, जंगल, फ्रेंच हाउस ही सगळी याच घरची मंडळी. या संगीताच्या मूळ बारा इंची रेकॉर्डी मी गोळा करतो. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी पट्ट्यात हा नाद असलेले आणखी लोक नक्की आहेत. ते एकमेकांना सापडावेत म्हणून हा धागा.

"सगळं मोबाइलवर आहे की, रेकॉर्ड कशाला?" असं घरापासून दारापर्यंत सगळे विचारतात. या संगीतापुरतं तरी उत्तर सरळ आहे. मोबाइलवर जे मिळतं ते बऱ्याचदा ते गाणंच नसतं. नाट्यगीताची रेकॉर्ड दहा वेळा छापली तरी गाणं तेच राहतं. सॅम्पलच्या गाण्यात मात्र तुकड्याच्या मालकाने हरकत घेतली की पुढच्या छपाईतून तो तुकडा काढला जातो, बदलला जातो, नाहीतर दुसऱ्याकडून गाऊन घेतला जातो. नाव तेच, कव्हर तेच, आत वेगळा माल. पहिली छपाई हाच अशा वेळी एकमेव पुरावा उरतो.

सगळ्यात ठळक उदाहरण 'राइड ऑन टाइम' चं. ब्लॅक बॉक्स नावाच्या इटालियन मंडळींचं हे १९८९ चं गाणं इंग्लंडात सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. त्यातला तो फाडून टाकणारा आवाज लोलिआटा हॉलोवे या अमेरिकन गायिकेचा, तिच्या १९८० च्या 'लव्ह सेन्सेशन' मधून उचललेला. रेकॉर्डवर तिचं नाव नाही, आणि टीव्हीवर ओठ हलवायला एक फ्रेंच मॉडेल. हॉलोवेच्या बाजूने हरकत आली, आणि मग तेच शब्द हेदर स्मॉलकडून गाऊन घेतलेली आवृत्ती बाजारात आली. तिचंही नाव कुठे दिलं नाही. दोन्ही रेकॉर्डी बाजूबाजूला ठेवल्या तर नवखा माणूस गोंधळून जाईल. पिन टेकवली की मात्र कळतं. हॉलोवेच्या आवाजात चर्चमधली धग आहे, श्वास तुटेपर्यंत ताणलेला सूर आहे. ती धग दुसरीत नाही. हेदर स्मॉल मोठी गायिका आहे, पण तिथे तिला दुसरीसारखं गायला लावलंय.

दुसरं उदाहरण द जॅम्स या जोडीचं. पुढे हेच द केएलएफ झाले. १९८७ साली त्यांनी एक आख्खा अल्बम इतरांच्या गाण्यांचे लचके तोडून केला. ॲबा या स्वीडिश गटाचं 'डान्सिंग क्वीन' त्यात जवळजवळ जसंच्या तसं वाजतं. ॲबाकडून तक्रार आली आणि उरलेल्या सगळ्या प्रती नष्ट करा असा आदेश निघाला. हे दोघे ॲबाला भेटायला थेट स्वीडनला गेले. भेट झाली नाही. मग बऱ्याच प्रती त्यांनी तिथल्या एका शेतात जाळल्या आणि बाकीच्या परतीच्या बोटीतून समुद्रात टाकल्या. जगात उरल्या त्या मुख्यतः त्याआधी दुकानांतून विकल्या गेलेल्या. पुढे त्यांनी त्याच अल्बमची बेकायदा तुकडे काढलेली आवृत्ती काढली. जिथे तुकडे होते तिथे लांबच लांब शांतता, आणि कव्हरवर सूचना छापलेल्या: तीन रेकॉर्ड प्लेयर, निवडक रेकॉर्डींची चळत, एक टीव्ही आणि व्हिडिओ घ्या, सराव करा, म्हणजे मूळ गाणं तुमच्या घरी तयार होईल. ती शांततेची रेकॉर्डही मला तितकीच मोलाची वाटते.

आता ओळखायचं कसं. कव्हरवर विश्वास ठेवू नका. रेकॉर्ड काढा, ट्यूबलाइटखाली तिरपी धरा. शेवटची खाच संपते आणि लेबल सुरू होतं त्यामधला जो मोकळा गुळगुळीत पट्टा असतो, त्याला रनआउट म्हणतात. तिथे आकडे कोरलेले दिसतील. काही ठशाने उमटवलेले, काही हाताने खरवडलेले. कॅटलॉग नंबर, मग ए किंवा बी बाजू, आणि बहुधा शेवटी कितवा कट ते. इंग्लंडच्या रेकॉर्डींवर कधीकधी 'पोर्की प्राइम कट' असं हाताने लिहिलेलं सापडतं. ती जॉर्ज पेकहॅम या कटिंग इंजिनियरची सही. लेबल कुणीही छापू शकतो. हे हस्ताक्षर मूळ लॅकरवर (ज्या पहिल्या तबकडीवर खाच कापतात तिच्यावर) पडलेलं असतं आणि तिथून साच्यात आणि साच्यातून प्रत्येक तबकडीवर उतरतं. माझ्याकडच्या एका ब्रेकबीटच्या रेकॉर्डवर पहिला नंबर खरवडून खोडलाय आणि शेजारी नवा लिहिलाय. ती खोडाखोड मी भिंगातून कितीदा पाहिली असेल.

जाणकारांनी भर घालावी. आणि कुणाकडे विकायच्या, बदलायच्या, नुसत्या ऐकवायच्या रेकॉर्डी असतील तर जरूर लिहावं.

रंकाळावेस

वाचनखूण साठवली. रनआउटचं पहिल्यांदाच कळलं. घरातल्या रेकॉर्डी काढून बघतो.

सायबर_चौक

मस्त धागा. दोन बाळबोध प्रश्न. एक, हे लोक एवढे छोटे तुकडेच का वापरायचे? दोन, बारा इंचीच का? गाणं तर एकच असतं तिच्यावर.

पंचगंगाकाठ

बाळबोध अजिबात नाहीत, दोन्ही मुळाशी जाणारे आहेत.

तुकडे छोटे, कारण मशीनला जागा नव्हती. १९८७ साली ई-म्यू कंपनीचा एसपी-१२०० हा सॅम्पलर आला. त्यात सगळे आवाज मिळून सुमारे दहा सेकंद मावायचे, तेही १२ बिटमध्ये. मग पोरांनी युक्ती काढली. मिनिटाला ३३ फेऱ्यांची एलपी ४५ च्या वेगाने फिरवायची, आवाज भराभर मशीनमध्ये घ्यायचा आणि आत गेल्यावर त्याचा वेग उतरवायचा. जागा वाचली, पण वेग उतरवताना आवाजाला एक खरखरीत, जाड पोत आला. तो पोत म्हणजेच त्या काळाची ओळख झाली. आज लोक महागड्या सॉफ्टवेअरमध्ये तो मुद्दाम आणतात. पुढे अकाईच्या एमपीसी मालिकेने हात मोकळे केले. डीजे शॅडोचा १९९६ चा 'एंडट्रोड्युसिंग' हा अल्बम जवळजवळ पूर्ण एका एमपीसी-६० वर, एक टर्नटेबल आणि ढीगभर जुन्या रेकॉर्डींवर झाला. त्याच्या कव्हरवर सॅक्रामेंटोच्या रेकॉर्डच्या दुकानात लोक कप्पे चाळताना दिसतात. हे काम नेमकं काय असतं ते त्या एका फोटोत आहे.

बारा इंचीचं कारण जागाच, पण खाचेची. खाच जितकी रुंद, तितका आवाज मोठा आणि बास खोल. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं कोंबली की खाचा एकमेकींना चिकटतात, मग बास कापावा लागतो. सहा-सात मिनिटांचं एकच गाणं बारा इंचांवर ४५ च्या वेगाने पसरलं की सुईला हलायला ऐसपैस जागा मिळते. हे सापडलं योगायोगाने. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये टॉम मोल्टन या मिक्स करणाऱ्याचं एक गाणं तबकडीवर कापायचं होतं, सात इंची कोऱ्या तबकड्या संपल्या होत्या, म्हणून मोठ्या तबकडीवर कापलं आणि आवाज ऐकून सगळे थक्क झाले. दुकानात विकायला आलेली पहिली बारा इंची डान्स सिंगल १९७६ ची, साल्सोल कंपनीची 'टेन परसेंट'. हॉलोवेचं 'लव्ह सेन्सेशन' ही त्याच साल्सोल घराण्यातलं.

उद्यमनगरी

भावा, लई दिवसांनी कामाचा धागा दिसला. माझं शिवाजी उद्यमनगरात लेथचं काम आहे. संगीतातलं जास्त कळत नाही पण मशीनचं कळतं, तेवढं सांगतो.

अमेरिकन सात इंची रेकॉर्डीला मधलं भोक मोठं असतं, दीड इंच, म्हणजे साधारण ३८ मिलिमीटर. आपल्या प्लेयरचा मधला खिळा सव्वासात मिलिमीटरच्या आसपास. मधे बसवायला बुच लागतं. प्लास्टिकचं मिळतं, पण ते सैल असलं की रेकॉर्ड किंचित आडवी सरकते आणि सूर लहरतो. एकाला ॲल्युमिनियमचं करून दिलं, आतलं भोक रीमर मारून अचूक केलं. रेकॉर्ड बसवताना हवा दाबली जाते तेवढाच आवाज येतो. कुणाला पाहिजे असेल तर नमुन्याची रेकॉर्ड घेऊन या, माप घेऊन करतो.

दुसरं म्हणजे जपानी मालापासून सांभाळा. जपानातले प्लेयर १०० व्होल्टचे असतात. आपल्या २३० वर थेट लावला की ट्रान्सफॉर्मर गेलाच समजा. स्टेप-डाउन लावा आणि तो चांगल्या वॅटेजचा घ्या. टेक्निक्सचा एसएल-१२०० हा प्लेयर घेणार असाल तर कडेला जे ठिपके असतात ते लाल दिव्यात बघा. वेग बरोबर असला की ठरलेली ओळ थांबल्यासारखी दिसते. घसरत असली तर आधी पिच कंट्रोल तपासा, लगेच मोटर उघडू नका.

आणि आयडलर चाकाचे (रबरी चाकाने तबकडी फिरवणारे) जुने प्लेयर भंगारात घालू नका. रबर कडक झालेलं असतं, बाकी काय नसतं. रबर नवं चढवून ग्राइंडिंगवर गोलाई काढली की पुढची वीस वर्षं चालेल.

ताराबाई_पार्क

विषय छान आहे, पण एक गोष्ट खटकते म्हणून लिहिते. धाग्यात "उचलला", "लचके तोडले" असं कौतुकाने येतंय. ज्यांच्या घामावर हे उभं राहिलं त्यांना काय मिळालं? 'आमेन ब्रेक' चंच घ्या. द विन्स्टन्स या बँडच्या १९६९ च्या 'आमेन, ब्रदर' मधला सात सेकंदांच्या आतबाहेरचा ड्रमचा तुकडा. आख्खं जंगल आणि ड्रम अँड बेस त्याच्यावर उभं आहे. तो वाजवणारा ड्रमर ग्रेगरी कोलमन २००६ साली बेघर अवस्थेत वारला. त्याला त्या सात सेकंदांचा एक छदामही मिळाला नव्हता. ब्लॅक म्युझिशियन्सचं घ्यायचं, नाव पुसायचं, हे जुनंच आहे. मूळ प्रेसिंग जपलं म्हणून हॉलोवेला न्याय मिळतो का?

पंचगंगाकाठ

ताई, मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे आणि या संगीतावर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने तो मनावर घेतला पाहिजे. विन्स्टन्सचे रिचर्ड स्पेन्सर यांच्यासाठी २०१५ मध्ये दोन इंग्लिश डीजेंनी लोकवर्गणी काढली, सुमारे २४ हजार पौंड जमले. ती कृतज्ञता होती, हक्काची रॉयल्टी नव्हे.

मी स्वतःपुरता एक नियम पाळतो. सॅम्पलची रेकॉर्ड घेतली की ज्या रेकॉर्डवरून तुकडा आला तीही शोधायची आणि दोन्ही एकाच कप्प्यात, एकामागे एक ठेवायच्या. माझ्याकडे 'राइड ऑन टाइम' च्या मागे 'लव्ह सेन्सेशन' उभी आहे. स्टारडस्टच्या १९९८ च्या 'म्युझिक साउंड्स बेटर विथ यू' च्या मागे चाका खानची १९८१ ची एलपी, जिच्यातल्या 'फेट' गाण्याच्या सुरुवातीचा गिटारचा तुकडा तिथे आलाय. एस-एक्स्प्रेस या गटाच्या रेकॉर्डीमागे रोज रॉइस या बँडची. घरी कुणी आलं की आधी मूळ वाजवतो, नंतर सॅम्पल. ऐकणाऱ्याला दोघांचीही नावं कळतात. सेकंडहँड रेकॉर्डीतून कलाकाराला पैसे जात नाहीत हे खरं, पण नाव तरी पुसलं जात नाही.

मूळ प्रेसिंगने न्याय मिळत नाही, पण साक्ष मिळते. दुरुस्त आवृत्तीच तेवढी उरली असती तर हॉलोवेचा आवाज तिथे होता हे आज कुणाच्या कानांना कळलंच नसतं.

ताराबाई_पार्क

जोडीने ठेवायची पद्धत आवडली. असं असेल तर माझी तक्रार निम्मी कमी होते. उरलेली निम्मी तशीच.

कर्णेवाला

राम राम. वडिलांचा लाउडस्पीकरचा धंदा होता. लग्नं, जत्रा, गणपती, तालमीचे कार्यक्रम. कागल, मुरगूड, गारगोटीपर्यंत कर्णे घेऊन जायचे. कॅसेट आल्यावर रेकॉर्डी बंद पडल्या, पण त्यांनी टाकू दिल्या नाहीत. दोन पत्र्याच्या ट्रंका माळ्यावर आहेत. सगळं हिंदी पिक्चरचं, थोडं मराठी. सत्तर-ऐंशी सालातलं. इंग्लिश डान्सबिन्स आमच्यात काय नाही. तरीबी वाचताना वाटलं, विचारून बघावं. यांचा काय उपयोग?

पंचगंगाकाठ

काका, तुमच्या ट्रंका म्हणजे या धाग्याचा निम्मा भाग आहे. तुकडे आपल्याकडूनही गेलेत, आणि बरेच गेलेत.

ब्लॅक आइड पीज या अमेरिकन गटाचं २००५ चं एक गाजलेलं गाणं कल्याणजी-आनंदजींच्या दोन गाण्यांवर उभं आहे. एक 'अपराध' (१९७२) मधलं 'ऐ नौजवां', दुसरं 'डॉन' (१९७८) मधलं 'ये मेरा दिल'. दोन्ही आशाबाईंची. ब्रिटनी स्पिअर्सच्या 'टॉक्सिक' मधली ती सरसर जाणारी व्हायोलिनं लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांची, 'एक दूजे के लिए' (१९८१) मधल्या 'तेरे मेरे बीच में' ची. २००२ साली ट्रुथ हर्ट्स नावाच्या गायिकेच्या 'ॲडिक्टिव्ह' मध्ये लताबाईंचा आवाज 'ज्योती' (१९८१) सिनेमातल्या 'थोडा रेशम लगता है' मधून तसाच्या तसा आला. ते गाणं बप्पी लाहिरींचं. प्रकरण अमेरिकेच्या कोर्टात गेलं आणि लाहिरींचं नाव छापल्याशिवाय विक्री नाही असा हुकूम झाला.

म्हणजे ताई म्हणतात तो प्रश्न आपल्या दारातलाही आहे. दीनानाथ १९४२ मध्ये गेल्यानंतर लताबाई मास्टर विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये काम करत इथे कोल्हापुरात राहत होत्या, १९४५ मध्ये मुंबईला गेल्या. आशाबाईंचा जन्म सांगलीचा. त्यांच्या आवाजाचे तुकडे लंडन आणि लॉस एंजेलिसच्या क्लबांत वाजले, आणि ज्या रेकॉर्डींवरून ते उचलले तशाच रेकॉर्डी तुमच्या वडिलांनी मुरगूडच्या लग्नात वाजवल्या. इंग्लंडमधल्या कॉर्नरशॉप या गटाने तर आशाबाईंवर आणि ४५ च्या रेकॉर्डींवरच आख्खं गाणं केलं, 'ब्रिमफुल ऑफ आशा'. फॅटबॉय स्लिमने त्याचं रिमिक्स केलं आणि १९९८ मध्ये ते इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याची बारा इंची माझ्याकडे आहे आणि ती मी तुम्हाला ऐकवणार आहे.

आता काम सांगतो. ट्रंक उघडा, पण घाईने रेकॉर्डी ओढू नका. कव्हर पत्र्याला किंवा एकमेकांना चिकटलेलं असेल. एचएमव्हीच्या एलपीवर नंबर बघा. ईसीएलपी असेल तर मोनो, ईसीएसडी असेल तर स्टीरिओ. छपाई दमदमची, कोलकात्याजवळच्या ग्रामोफोन कंपनीच्या कारखान्यातली. 'डॉन', 'अपराध', 'ज्योती' आणि 'एक दूजे के लिए' यातलं काही आहे का, एवढं आधी सांगा.

अवांतर: चरणजित सिंग यांची १९८२ ची एचएमव्हीची एलपी दिसली तर तिला जिवापाड जपा. कव्हरवर दहा रागांचा आणि डिस्को ठेक्याचा उल्लेख आहे. त्यात सॅम्पल नाही, सिंथेसायझर आहेत, पण रोलंडचा टीबी-३०३ हा बास सिंथेसायझर त्यांनी अशा रीतीने वाजवलाय की शिकागोच्या ॲसिड हाउस या डान्स संगीताची आठवण यावी, आणि ते शिकागोच्या पाच वर्षं आधी. २०१० मध्ये एका डच माणसाने ती पुन्हा छापल्यावर जगाला कळलं. मूळ भारतीय प्रत आता जगभर शोधली जाते.

फोंडाघाट

कोल्हापूरकरांना एक सवयीचा समज असतो की गोव्यात जा, हणजूणच्या बाजारात हिप्पींनी सोडलेल्या डान्स रेकॉर्डी ढिगाने मिळतील. मी त्या भागात बरीच वर्षं नोकरीला होतो. ढीग वगैरे काही नाही. गोव्यातले डीजे व्हायनल फारसं वापरतच नव्हते. उन्हात तबकडी वाकते, वाळू खाचेत बसते, आणि विमानाने एवढं वजन कोण आणणार? ते आधी कॅसेटवर आणि नंतर डॅट या डिजिटल टेपवर वाजवायचे. म्हणून गोवा ट्रान्सच्या त्या काळातल्या गोष्टी टेपवर आहेत, रेकॉर्डवर नाहीत. जे व्हायनल मिळतं ते साठ-सत्तरचं रॉक आणि हिंदी सिनेमा. भाव मात्र परदेशी पाहुण्यांचे. पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोर बाजारात यापेक्षा जास्त शक्यता, आणि तिथेही सकाळी लवकर.

शाहूपुरी_गल्ली

पुराचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरात पाणी शिरलं, रेकॉर्डींचं खालचं फडताळ पूर्ण बुडालं. लोक म्हणाले टाकून द्या. टाकल्या नाहीत, आणि बहुतेक वाचल्या. २०२१ ला पुन्हा पाणी आलं तेव्हा नेमकं काय करायचं माहीत होतं.

व्हायनल पाण्याने खराब होत नाही. खराब करतो तो गाळ. पुराचा गाळ वाळला की त्यातली बारीक वाळू खाचेत अडकते, आणि तशीच पुसली की पॉलिश पेपर मारल्यासारखी ओरखडते. म्हणून कोरडी रेकॉर्ड कधीच पुसायची नाही. आधी नळाच्या बारीक धारेखाली दोन्ही बाजू नुसत्या धुवायच्या, लेबल तळहाताने झाकून. गाळ गेला की मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने, गोल, कधीच आडवं नाही. शेवटी डिस्टिल्ड वॉटर, कारण आपल्या पाण्यातला क्षार वाळला की खाचेत बसतो आणि चरचर करतो. सुकवताना उभी, सावलीत. कव्हर मात्र गेलंच समजा. त्यावरचा मजकूर दिसत असेतो फोटो काढून ठेवा.

पावसाळ्यातली बुरशी हा वेगळा विषय. जून ते सप्टेंबर भिंतींना ओल असते. भिंतीला टेकवून कपाट ठेवू नका, मागे चार बोटं हवा खेळती ठेवा. पीव्हीसीच्या जाड चकचकीत पिशव्या काढून टाका. वर्षानुवर्षं त्यात राहिलेल्या रेकॉर्डीवर धुरकट थर येतो, तो निघत नाही. पॉलिथिनच्या साध्या पिशव्या बऱ्या.

बुरशीला आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून चालतं, पण फक्त व्हायनलवर. ७८ च्या लाखेच्या तबकड्यांवर थेंबही नको. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. कर्णेवाले काका, तुमच्या ट्रंकेत ७८ असतील तर हे पहिलं लक्षात ठेवा.

सायबर_चौक

ऑनलाइन मागवण्याबद्दल कुणी सांगेल का? डिस्कॉग्ज या रेकॉर्डींच्या वेबसाइटवर बघितलं, एकाच गाण्याच्या पंचवीस आवृत्त्या दिसतात. आणि बनावट माल कसा ओळखायचा?

पंचगंगाकाठ

डिस्कॉग्ज २००० साली सुरू झालं तेव्हा ते इलेक्ट्रॉनिक संगीताच्या रेकॉर्डींची यादी म्हणूनच सुरू झालं, म्हणून या बाबतीत ते सगळ्यात भरवशाचं. प्रत्येक आवृत्तीच्या पानावर रनआउटचे आकडे दिलेले असतात. विक्रेत्याला सरळ लिहायचं, रनआउटचा फोटो पाठवा. खरा विक्रेता पाठवतो. टाळाटाळ केली की सोडून द्यायचं.

बनावट मालाचं थोडं विस्ताराने सांगायला हवं. या संगीताचा जन्मच कायद्याच्या कडेवर झालाय. कोऱ्या पांढऱ्या लेबलच्या, नाव न छापलेल्या रेकॉर्डी हा त्यातला प्रामाणिक भाग आहे. निर्माताच शंभर-दोनशे छापून डीजेंना वाटायचा. तुकड्यांची परवानगी नसायची, म्हणून नावही नसायचं. पण पुढे एखादं गाणं दुर्मिळ झालं की कुणीतरी सीडीवरून किंवा दुसऱ्या रेकॉर्डवरूनच साचा करून तसल्याच पांढऱ्या लेबलवर पुन्हा छापतं. ओळखायचं कसं? रनआउट कोरा असेल किंवा अक्षरं फार नीटनेटकी, एकाच मशीनची असतील. लेबलची छपाई फोटो काढून छापल्यासारखी भुरकट असेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं कानाला कळतं. गाणं सुरू होण्याआधीच्या शांततेत खरखर ऐकू येते, पण तबकडीवर ओरखडा दिसत नाही. ती खरखर ज्या रेकॉर्डवरून चोरलं तिची असते.

प्रतीच्या दर्जाबाबत व्हीजी प्लस (व्हेरी गुड प्लस) आणि त्याहून वर तेवढंच घ्या. नुसतं व्हीजी लिहिलेलं असेल तर हाउसच्या शांत जागांमध्ये चरचर येणारच. मागवताना सांगा की रेकॉर्ड कव्हरच्या बाहेर काढून, कव्हरमागे ठेवून बांधा. आत ठेवली की प्रवासात तिचीच कड कव्हरची शिवण फाडते. पोस्टेज आणि कस्टम मिळून कधीकधी रेकॉर्डपेक्षा जास्त होतात. म्हणून चारपाच जणांनी मिळून एकाच विक्रेत्याकडून मागवलं तर परवडतं. हा धागा काढण्याचं तेही एक कारण.

रंकाळावेस

मोबाइलवर मूळ गाणं नसतं या मुद्द्याला एक पुरवणी. डे ला सोल या अमेरिकन हिप-हॉप गटाचा १९८९ चा पहिला अल्बम २०२३ पर्यंत स्ट्रीमिंगवर नव्हताच. जुन्या करारांत सॅम्पलची परवानगी रेकॉर्ड आणि कॅसेटपुरती होती, डिजिटलची कुणी कल्पनाच केली नव्हती. ३४ वर्षं. एवढा काळ ज्यांच्याकडे रेकॉर्ड, कॅसेट किंवा सीडी होती त्यांच्याकडेच तो अल्बम होता.

कर्णेवाला

ट्रंक उघडली. 'डॉन' आहे, ईपी आणि मोठी दोन्ही. 'एक दूजे के लिए' आहे, कव्हर उंदरांनी खाल्लंय, रेकॉर्ड ठीक दिसते. 'अपराध' ची छोटी आहे. 'ज्योती' नाही. प्रत्येक कव्हरच्या मागे वडिलांनी पेनाने गावाचं नाव आणि लग्नघराचं आडनाव लिहिलंय, कुठं वाजवली ते. चरणजित सिंग न्हाईत.

घरात एचएमव्हीचा फिएस्टा हाय, तो चालू होतोय. लावून बघू का?

पंचगंगाकाठ

काका, कृपा करून फिएस्टावर लावू नका. त्याची पिन झिजलेली असणार आणि वजन फार पडतं, पाच ग्रॅमच्या आसपास किंवा जास्त. चांगल्या कार्ट्रिजला (पिन बसवलेल्या भागाला) दीड-दोन ग्रॅम पुरतात. कर्ण्यांवर वाजून खाचेच्या कडा आधीच घासलेल्या असतील, उरलेलं जपू. आणि मागची पेनाची अक्षरं पुसू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. बाजारात त्याने किंमत उतरते म्हणतात. माझ्या दृष्टीने वाढते. ही रेकॉर्ड कुठे, कुणाच्या दारात वाजली हे लिहिलेली प्रत मी आजवर पाहिलेली नाही.

रविवारी सकाळी दहाला माझ्याकडे जमूया, पत्ता निरोपातून देतो. शाहूपुरीवाले, तुम्ही ब्रश आणि डिस्टिल्ड वॉटर आणाल का? उद्यमनगरी भावा, 'डॉन' ची ईपी बसते का बघायला तुझं बुच आण. ताई, तुम्ही याच. 'ये मेरा दिल' आधी वाजवू, अमेरिकन गाणं नंतर.

ताराबाई_पार्क

येते. आशाबाई आधी, हे ठरलं.

उद्यमनगरी

बुच आणतो. एचएमव्हीच्या ईपीला बारीकच भोक असतं बहुतेक, पण आणतो.

शाहूपुरी_गल्ली

पाच लिटरचा कॅन घेतला. काका, ट्रंक रिक्षातून आणताना रेकॉर्डी उभ्या ठेवा, आडव्या रचू नका.